लक्ष्मीबाईंचा धीर

नगर जिल्ह्यात माझ्या बँकेतल्या नोकरीची सहा वर्षे गेली. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले. पीककर्जाचे टेबल माझ्याकडे होते. पाऊस लांबला की टेबलासमोरच्या बाकावर फेटे आणि टोप्या वाढत. थकबाकीची नोटीस हातात धरून माणूस समोर बसला की मी त्याला धीर धरायला सांगत असे. त्यात माझे काही खर्च होत नव्हते. एकदा राहुरीकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने माझे सगळे ऐकून घेतले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारले, की धीर एकट्या त्यानेच धरायचा की बँकही थोडाफार धरणार आहे. मला उत्तर देता आले नाही. मी रजिस्टर उघडून त्यात बघत बसलो.

त्याच सुमारास वाचनालयातून आणलेले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी दुसऱ्यांदा वाचत होतो. पहिल्यांदा वाचले ते कॉलेजात असताना, आणि तेव्हा त्यातल्या गमतींनी पोट धरून हसलो होतो. या खेपेला हसू येईच, पण मधेच पान मिटून बसावेसे वाटे. ज्या राहुरीचा तो शेतकरी, त्याच राहुरीत या बाईने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. धीर धरणे आणि देवावर भार टाकणे या दोन गोष्टी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी नेहमी जोडीने येतात. आपल्या वारकऱ्यांच्या तोंडीही त्या येतात. त्या दोन्हींची किंमत किती आणि ती कोणाला मोजावी लागते, हे मला लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात जितके स्वच्छ दिसले तितके कुठल्या प्रवचनात दिसले नाही.

मीठ धुणारे घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात तिला सगळे मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीत या कुटुंबातल्या एका आप्ताला इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या धक्क्याने मनूच्या वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला, की सोवळे-ओवळे हेच त्यांच्या आयुष्याचे सूत्र बनले. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे. धान्य तर धुवायचेच, मीठ आणि साखरसुद्धा धुवायची. पाण्यात मिठाचे काय होते ते सांगायला नको. त्या घरातल्या बायकामुलांनी हे वर्षानुवर्षे सोसले.

तोही एक धीरच म्हणायचा. पण तो भीतीपोटी आलेला, दुसरा मार्गच नाही म्हणून धरलेला. लहान मुलीला घरातला कर्ता माणूस सांगेल ते निमूट सोसावे लागते. पुढे आयुष्यभर लक्ष्मीबाईंनी हे बालपण हसत हसत सांगितले. वडिलांवर राग धरला नाही आणि त्यांच्या वेडाला धर्मही म्हटले नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी जमणे सोपे नसते. आपल्यापैकी बहुतेक जण एकतर वडिलांना दोष देत म्हातारे होतात, नाहीतर त्यांच्या चुकांची पूजा मांडून बसतात.

१८८० च्या सुमारास, अकरा-बारा वर्षांची असताना, मनूचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लहानपणीच गेलेली. नाशिकला गणेशशास्त्री लेल्यांकडे त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला होता. बुद्धी अफाट आणि वृत्ती कवीची. स्वभाव मात्र असा, की मनात आले की उठून चालू लागायचे. बायकोला सांगून जाण्याची आठवण राहत नसे. कधी कुठून पत्र येई, कधी तेही येत नसे. बाजारात सामान आणायला गेलेला माणूस भलतीच वस्तू घेऊन परते. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेला जाई, आणि घरात चूल कशी पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे राही. त्यांनी तान्ह्या लेकराचा मृत्यूही पाहिला. मग दत्तू झाला आणि जगला. नवऱ्याने बायकोला वाचायला शिकवले, हे मात्र त्या काळातल्या घरांकडे पाहता फार मोठे होते. तेवढ्या एका देण्याने पुढे किती फेड झाली, हे शेवटी येईलच.

एकाचे समर्पण

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने निरोप घेताना बायबलची प्रत हाती दिली. टिळकांनी ती वाचली, पुन्हा वाचली. डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या समाजाला बांधून ठेवील असा धर्म ते आधीपासूनच शोधत होते. दीड-पावणेदोन वर्षे आतल्या आत झगडा चालला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्याच हातून तो घ्यायचा, एवढा आग्रह त्यांनी धरला होता. तुकाराम आणि ज्ञानेश्वर त्यांनी कधी टाकले नाहीत. संतांच्या भक्तीचे बोट धरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची धारणा शेवटपर्यंत होती.

चरित्रकार इथे थांबून टिळकांच्या धैर्याविषयी लिहितात आणि ते योग्यच आहे. घरदार, जात, आप्त, मान सगळे एका दिवसात पाठीमागे पडले. मला मात्र दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहावेसे वाटते. ज्या दिवशी मुंबईत एका माणसाने आपले सर्वस्व देवाला वाहिले, त्या दिवशी त्याच्या बायकोचेही सर्वस्व गेले, आणि तिला कोणी विचारले नव्हते. वय सव्वीस-सत्तावीस, पदरात लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात विधवेला निदान ठरलेली जागा असे. हिला तीही नव्हती. बातमी कळल्यावर लक्ष्मीबाई आजारी पडल्या, वेड लागायची पाळी आली.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर कर्ज एकाने काढले आणि हप्ते दुसऱ्याच्या खात्यातून गेले. देवाला शरण जाण्याच्या थोर कथांत ही दुसरी खातेवही सहसा कोणी उघडत नाही. लक्ष्मीबाईंनी ती उघडली आणि एकही आकडा न लपवता आपल्यापुढे ठेवली. नवऱ्यावर जीव असलेल्या आणि पुढे त्याचीच श्रद्धा पत्करलेल्या बाईने हे करावे, यात त्या पुस्तकाचा मोठेपणा आहे.

पंढरपूर ते नगर

पुढची सुमारे चार वर्षे ताटातुटीची. लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. विठोबाच्या त्या गावात शरण जाणे हा शब्द लहान पोरांच्याही तोंडी असतो. तिथे लक्ष्मीबाई काय करत होत्या? रडत होत्या, चिडत होत्या, नातेवाइकांचे टोमणे ऐकत होत्या, दत्तूला वाढवत होत्या, आणि कविता रचत होत्या. दुःख फार झाले तेव्हा त्यांना काव्य सुचू लागले. टिळकांची पत्रे येत. तीही काही सौम्य उपदेशाची नसत. आर्जव, रुसवा, काळजी असे सगळे त्यांत असे. पण आपल्या धर्मात ये, अशी सक्ती त्यांनी केली नाही.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंनी ठरवले, की नवऱ्याजवळ जाऊन राहायचे. धर्म बदलण्याचा तेव्हा विचारही नव्हता. टिळक आता अहमदनगरला होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ पासून चालले होते आणि डॉ. ह्यूम यांच्या देखरेखीखालच्या ईश्वरविज्ञान शाळेत टिळक शिकवत होते. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. वेगळे बिऱ्हाड, वेगळी चूल, पाणी वेगळे. नवरा भेटीला येई, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे त्याला जागा नव्हती.

आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कदाचित हसूही येईल. मला त्यात दोघांच्याही संयमाची परीक्षा दिसते. एरवी क्षणात भडकणारे, क्षणात घर सोडून जाणारे टिळक इथे मात्र थांबले. चुलीपासून लांब बसून त्यांनी वाट पाहिली. मिशनमधल्या माणसांना एक बाई ख्रिस्ती करून घेण्याची घाई झाली असती तरी नवल नव्हते. पण ज्याचा निर्णय त्यानेच करावा, ही समज तिथे राखली गेली. धीर हा मुख्यतः बलवानाने धरायचा असतो, हे मला या प्रसंगाने पहिल्यांदा नीट कळले. दुबळ्याने तो धरला तर त्यात त्याची लाचारी किती आणि श्रद्धा किती, हे सांगणे कठीण असते.

आणि एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांच्या जातींत दिसतो तसा माणसामाणसांच्या शरीरातही काही फरक त्याने ठेवला असता. तसा तो कुठे दिसत नाही. मग हा भेद माणसाचाच. ज्या मुलीच्या घरी मीठ धुतले जाई, तिने हा प्रश्न स्वतःच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिले. नवऱ्याने वाद घालून पटवले नव्हते, की कुणा पाळकाचे प्रवचन कारणी लागले नव्हते. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे, असा त्यांनी निश्चय केला. ख्रिस्ताकडे त्या आल्या त्या यानंतर. आधी माणसाला शिवल्या आणि मग देवापाशी पोचल्या. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती.

पाच वर्षांची ही वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. त्या काळात त्या नवऱ्याशी भांडल्या, देवाशी भांडल्या, स्वतःशी भांडल्या. शरण जाणाऱ्याने भांडायचे नसते असे आपल्याला वाटते. पण जो मनातला सगळा प्रश्न देवापुढे मांडतच नाही, तो शरण जातो म्हणजे नेमके काय ठेवतो त्याच्या पायाशी?

चुलीपाशी उतरलेली श्रद्धा

त्यांचा बाप्तिस्मा झाला ते साल दुष्काळाचे. १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ नगर जिल्ह्याच्या आठवणीत दोन-तीन पिढ्या राहिला. मिशनच्या आवारात पोरकी मुले येत होती. लक्ष्मीबाईंच्या घरात त्यांना थारा मिळाला. कालपर्यंत ज्यांची सावली टाळली त्या घरांतली पोरे आता मांडीवर आली. जात सोडणे म्हणजे सभेत हात वर करणे नव्हे; उवा झालेले एखादे डोके विंचरणे, गळू झालेल्या अंगाला तेल लावणे, असे ते काम असते. नगरात प्लेग आला तेव्हाही त्या रुग्णांच्या सेवेला उभ्या राहिल्या.

टिळकांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. १९०७ मध्ये जळगावला पहिले कविसंमेलन भरले, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा पुढे आला आणि बालकवी झाला. काही काळ तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखेच वागवले, लाड केले आणि रागावल्याही. १९१८ च्या मे महिन्यात भादलीला रेल्वे अपघातात तो गेला. त्या घराने एक मुलगा गमावला.

नवऱ्याचा स्वभाव बाप्तिस्म्याने बदलला असे मात्र नाही. टिळकांचे दातृत्व तसेच, विसराळूपणा तसाच, राग तसाच आणि रागानंतरची व्याकुळताही तशीच. ख्रिस्ती झाल्याने संसाराची टोचणी संपते असे कोणी सांगत असेल, तर त्याने लक्ष्मीबाई वाचलेल्या नाहीत. बदलले ते एवढेच, की पूर्वी त्या दैवाला बोल लावून सोसत, आता देवाला सांगून सोसू लागल्या. आणि हसू लागल्या. त्यांचा विनोद हा त्यांच्या श्रद्धेचाच एक भाग आहे असे मला वाटते. उद्याची काळजी आपल्या एकट्याच्या डोक्यावर नाही, हे ज्याला मनापासून पटले आहे, त्यालाच आजच्या फजितीवर इतके मोकळे हसता येते.

इकडे टिळकांची भजने महाराष्ट्रभर चर्चमध्ये गाइली जाऊ लागली होती. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’चे मराठी संपादन पाहत होते. १९१७ मध्ये त्यांनी आणखी एक उडी घेतली. मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे, बाप्तिस्मा झालेले असोत की नसोत, एकत्र यावेत ही त्यामागची कल्पना. उद्याच्या भाकरीची तजवीज देवाकडे. पुन्हा तेच झाले होते. एकाने देवावर भार टाकला आणि दुसरीने पिठाच्या डब्यात हात घालून पाहिले.

फरक होता तो एवढाच, की १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंना ढकलून पाण्यात टाकल्यासारखे झाले होते. १९१७ मध्ये त्या स्वतः डोळे उघडे ठेवून नवऱ्याबरोबर उतरल्या. वरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच दृश्य दिसेल: गरिबी आणि सोसणारी बाई. आतला फरक ज्याचा त्यालाच ठाऊक.

उरलेले काम

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. मागे पैसा नव्हता. होते ते एक अर्धवट हस्तलिखित. ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात गाण्याचा टिळकांचा संकल्प होता. ‘ख्रिस्तायना’चे काही अध्याय लिहून झाले होते, बाकीचे राहिले होते.

ते काम कोणी पुरे करायचे? मराठीत विद्वानांची उणीव नव्हती, ख्रिस्ती समाजात पदवीधरही होते. पण ते पूर्ण केले शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने. लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय लिहिले. आकडा लहान वाटला तर एक अध्याय लिहून पाहावा. नवऱ्याने त्यांना अक्षरे शिकवली होती आणि त्याच अक्षरांनी त्यांनी त्याचे राहिलेले काम उचलले. मी माघारी फेड म्हटले ती ही.

याच सुमारास मुलाला, देवदत्ताला, वडिलांचे चरित्र लिहायचे होते म्हणून त्याने आईला आठवणी सांगायला बसवले. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आले. पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलावे तसे लिहिलेले, जोडाक्षरांच्या जंजाळात न शिरणारे हे मराठी वाचून भल्याभल्या साहित्यिकांनी तोंडात बोट घातले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते त्यानंतर, १९३८ मध्ये. वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या या बाईने शेवटची वाट पुस्तकाची पाहिली आणि ते हाती यायच्या आधीच त्या निघून गेल्या. पुढे विजया मेहतांनी ‘स्मृतिचित्रे’ पडद्यावर आणले तेव्हा सुहास जोशींच्या रूपाने त्या पुन्हा घराघरांत पोचल्या. त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीतही गेले आहे.

आता मी निवृत्त आहे. हातात वेळ असला की जुन्या गोष्टींचा हिशेब पुन्हा मांडला जातो. लक्ष्मीबाईंच्या चरित्राने मला धीराविषयी दोन साध्या गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे, धीर हा दुसऱ्याला सांगण्याचा विषय नाही; तो आपण धरायचा. दुसऱ्यासाठी काही करायचेच तर त्याच्याबरोबर थांबावे, टिळक त्या चुलीबाहेर थांबले तसे. दुसरी, देवावर भार टाकणे म्हणजे आपला विचार गहाण टाकणे नव्हे. लक्ष्मीबाईंनी प्रश्न विचारणे कधी सोडले नाही, म्हणूनच त्यांचे शरण जाणे खरे वाटते. माझ्यासारख्या दुसऱ्या धर्मातल्या माणसालाही ते आपले वाटते ते यामुळेच. घराघरांत आजही कोणाच्या तरी भक्तीचे, ध्येयाचे, हट्टाचे हप्ते दुसरेच कोणी भरत असते, बहुधा स्वयंपाकघरात उभे राहून. रविवारच्या निवांत वेळी आपल्या घरातली ती दुसरी खातेवही एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

त्या राहुरीकडच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर दिले. तोंडाने दिले नाही. एका शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम संपल्यावर मागे थांबून त्याचे प्रकरण पुन्हा वाचले, नियमात बसेल अशी मुदतवाढ शोधली आणि टिपण लिहून वरच्या कार्यालयाकडे पाठवले. मंजुरी यायला दोन महिने लागले. ते दोन महिने तो दर सोमवारी येऊन बाकावर बसे आणि मी मान हलवून अजून नाही असे सांगे. त्या दोन महिन्यांत मी त्याला धीर धरायला एकदाही सांगितले नाही. धीर आम्ही दोघेही धरून होतो.